तहानलेला सम्राट आणि झऱ्याची पुजारीण

एका राज्यात सम्राटाला तहान लागली, आणि ती काही केल्या भागेना. सम्राटाचे नाव दोमारूस. समुद्रासमुद्रावर त्याची गलबते फिरत, दूरदूरचे राजे त्याला खंडणी धाडत. पण पाण्याचा पेला ओठाला लावला की पाण्याची वाळू होई. दूध लावले, दुधाची वाळू. मद्य लावले, मद्याची वाळू. मग बिचारा कलिंगडे खाऊन जगे. साम्राज्यात पिकेल ते कलिंगड राजवाड्यात जाई, आणि प्रजेतल्या कुणी एक फोड जरी चाखली तरी पाठीवर फटके पडत. ऐन उन्हाळ्यात प्रजा काय म्हणत असेल ते मी सांगायला नको.

आता हा शाप लागला कसा ते ऐका. नीट ऐका, कारण दरबारात एकानेही ते धड ऐकून घेतले नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

राजधानीबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी एक झरा होता. झऱ्यावर देवीचे मंदिर होते. मंदिर लहान, देवी जुनी, आणि तिचा नेम एकच: या झऱ्याचे पाणी कुणी आपल्या हाताने प्यायचे नाही. एकाने उभे राहून पेल्याने ओतायचे, दुसऱ्याने वाकून ओंजळीने प्यायचे. राजा असो की गुराखी, नेम सर्वांना सारखा. पुजारिणीलाही सूट नव्हती. कुणी ओतले तर तिला पाणी, नाहीतर कोरड्या घशाने बसायचे. नवरा-नवरीने एकमेकांना असे पाजले की त्यांचे लग्न लागले. दुसरा विधी नाही, मंत्र नाही, नैवेद्य नाही.

सम्राटाचा बाप एकदा शिकारीहून परतताना तिथे उतरला. पुजारीण म्हणाली, "वाका, महाराज." बाप म्हणाला, "मी वाकत नाही." त्याने देवीचा सोन्याचा पेला हिसकावला, आपल्या हाताने भरला, आपल्या हाताने प्याला, आणि पेला घेऊन निघून गेला. सूर्य मावळायच्या आत तो वाळू ओकून मेला. पोराला सिंहासन मिळाले, आणि सिंहासनाबरोबर तहानही मिळाली.

इतकी सरळ गोष्ट. पण सरळ गोष्ट राजवाड्यात शिरली की तिला शिंगे फुटतात. राजमांत्रिक ओब्रास म्हणाला, "देवी कोपली आहे. साम्राज्यातल्या प्रत्येकाने तिच्या नावाने धूप जाळावा." सम्राटाने हुकूम सोडला. घराघरांतून धूप जळू लागला, झऱ्याच्या काठावर तर गाड्या भरभरून जाळला. धुराने झाडे काळवंडली, आणि एका सकाळी झरा उठून निघून गेला. खाली उरले ते कोरडे दगड आणि बेडकांची पिल्ले.

त्या काळी मंदिरात मिरीना नावाची पुजारीण होती. वयाने तरुण, बोलायला तिखट. तिने राजवाड्यात निरोप धाडला, "देवीने धूप मागितलेला नाही. तिला धुराने खोकला येतो." ओब्रासाने निरोप ऐकला आणि धूप दुप्पट केला.

अशातच राज्यात एक नवा धर्म आला होता. ते लोक ख्रिस्ताचे नाव घेत, क्रूसाची खूण करत, आजाऱ्यांची सेवा करत, आणि देव एकच आहे असे सांगत. ते म्हणाले, "आम्ही दुसऱ्या कुणाला धूप जाळणार नाही." ओब्रासाला तर हे आयतेच सापडले. तो सम्राटाला म्हणाला, "पहा महाराज, यांच्यामुळेच तुमची तहान भागत नाही." झाले. ख्रिस्ती लोक कैदेत पडले. त्यांचा म्हातारा गुरू एलियो पडला, आणि त्यांच्याबरोबर रुफिनही पडला.

हा रुफिन सम्राटाच्या अंगरक्षकांचा नायक होता. एक दिवस भर दरबारात त्याने तलवार काढून जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "मी ख्रिस्ताचा झालो. आता ही मला उचलवत नाही." सम्राट ते कधी विसरला नाही.

आणि मिरीनाही ते विसरली नाही, कारण तिचे रुफिनवर प्रेम होते, आणि त्याचे तिच्यावर. आता एवढे झाल्यावर दोघांनी सुखाने संसार करावा की नाही? पण नाही. ती म्हणे, "माझ्या हातून झऱ्याचे पाणी पी, मला पाज, म्हणजे आपले लग्न झाले." तो म्हणे, "आधी बाप्तिस्मा घे, मग लग्न." ती म्हणे, "मी देवीची आहे." तो म्हणे, "मी ख्रिस्ताचा आहे." झरा वाहत होता तेव्हापासून असे उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. एकमेकांसाठी जीव द्यायला दोघेही तयार, पण एक ओंजळ पाणी द्यायला कुणी तयार नाही. अशा माणसांपुढे कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करावे?

एके दिवशी सम्राटाने मिरीनाला दरबारात बोलावले. तो कलिंगडाची फोड चोखत बसला होता, आणि दाढीत बिया अडकल्या होत्या.

"पुजारीणबाई," तो म्हणाला, "ख्रिस्ती लोकांमुळे देवी कोपली, असे भर चौकात सांग."

"ते खोटे आहे, महाराज."

"मग खरे काय?"

"तुमच्या वडिलांनी पेला नेला. तो परत करा, आणि वाकून पाणी प्या."

दरबारात कुजबुज झाली. ओब्रास पुढे सरसावला. "सम्राटाच्या मस्तकाहून उंच कुणाचा हात जाऊ नये, हा साम्राज्याचा पहिला कायदा आहे," तो म्हणाला. "महाराज वाकतील कसे?"

सम्राटाने बी थुंकली. "पुजारीणबाई, सुगीच्या सणापर्यंत माझी तहान भागव. भागली तर कैदी सुटतील. नाहीतर सणाच्या दिवशी ते सिंहांच्या पिंजऱ्यात जातील. रुफिन सर्वांत पुढे."

मिरीना तडक कैदखान्यात गेली. रुफिन गजांमागे बसून गात होता. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की ती दारातच थबकली.

"सिंह, रुफिन," ती म्हणाली. "तुला सिंहांपुढे टाकणार आहेत."

"ठाऊक आहे. मी धन्य झालो."

"तू धन्य झालास. आणि माझे काय?"

"तुझ्यासाठी मी प्रार्थना करतो आहे, मिरीना. तुला प्रकाश दिसो."

"मला सध्या फक्त तुझे हे हसणे दिसते आहे," ती म्हणाली, "आणि गजांमधून हात घालून ते पुसून टाकावेसे वाटते." मग तिने गज धरले. "तू मरावेस असे मला मुळीच वाटत नाही. ऐकतोस ना?"

रुफिनने तिचा हात धरला, आणि पुन्हा गाऊ लागला. शेजारच्या कोठडीतून म्हातारा एलियो म्हणाला, "किती दृढ श्रद्धा!" मिरीनाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की म्हातारा गप्प झाला.

ती मंदिरात परतली. देवळीत देवीची साळुंकी बसली होती. देवी स्वतः बोलत नसे; तिच्या वतीने साळुंकी बोले, आणि खरे तेच बोले. मात्र साळुंकीचा स्वभाव खाष्ट होता, आणि विचारल्याखेरीज ती चोच उघडत नसे.

"शाप कसा सुटेल?" मिरीनाने विचारले.

"उशिरा विचारलेस," साळुंकी म्हणाली. "तीन कामे कर. खजिन्यातून पेला आण. झऱ्याला घरी आण. आणि ज्याला सम्राटाकडून काहीच नको, अशा माणसाकडून सम्राटाला पाज."

"एवढेच?"

"एवढेच. करून तर दाखव."

पहिले काम पेल्याचे. राजवाड्याच्या खाली खजिना होता, आणि खजिन्याचे दार शापित होते. कुणीही आत जाऊन काही उचलले की दार विचारी, "हे कुणाचे?" जो म्हणे "माझे," त्याचे हात त्या वस्तूला चिकटून राहत, कारण ते खोटे असे. जो म्हणे "सम्राटाचे," त्याचेही हात चिकटत, कारण खजिन्यातले निम्मे लुटीचे होते. आत तीन खजिनदार असेच उभे होते. एक हंड्याला चिकटलेला, एक मुकुटाला, एक सोन्याच्या घोड्याला. सेवक त्यांना जेवण भरवून जात.

मिरीना आत गेली, आणि दार तिच्यामागे मिटले. "काळजी घ्या, बाई," घोड्याला चिकटलेला खजिनदार म्हणाला. तिने पेला उचलला. दाराने घसा साफ केला आणि विचारले, "हे कुणाचे?"

"ज्याला तहान लागेल त्याचे," मिरीना म्हणाली. "आणि बाहेर तहानलेली माणसे खोळंबली आहेत. या तिघा बिचाऱ्यांना तू इतकी वर्षे उभे केले आहेस, तुला काही वाटते की नाही? सोड त्यांना."

त्या दाराशी आजवर सगळे थरथर कापत बोलले होते. असे झापणारे कुणी भेटले नव्हते. दार ओशाळले आणि उघडले. खजिनदारांचे हात सुटले, आणि ते जे पळाले ते थेट आपापल्या गावी.

दुसरे काम झऱ्याचे. झरा टेकडीमागच्या गुहेत होता, कारण धुराला कंटाळून तो तिकडे गेला आणि गुहेतल्या अजगराने तो पिऊन टाकला. अख्खा झरा पोटात गेल्यामुळे अजगराला हलता येत नव्हते. मिरीना पोचली तेव्हा तो कुशीवर पडून कण्हत होता, आणि त्याच्या पोटातून पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता.

"झरा परत दे," मिरीना म्हणाली.

"देईन," अजगर म्हणाला. "मलाही तो नकोसा झाला आहे. पण फुकट काही द्यायचे नाही, असा आमच्या कुळाचा दंडक आहे. तुझ्याकडचे सर्वांत खरे वाक्य मला दे."

"देवी एकच आहे," मिरीना म्हणाली.

अजगराने मान हलवली. "पाठ केलेले आहे."

"सम्राट मूर्ख आहे."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुझे वाक्य दे."

मिरीना दगडावर बसली. सण जवळ आला होता, पाय सुजले होते, आणि एका अजगराला मनातले सांगायची वेळ आली होती. ती चिडली, आणि चिडली म्हणून खरे बोलली.

"रुफिनवर माझे प्रेम आहे आणि त्याचा मला भयंकर संताप येतो."

"ही दोन वाक्ये झाली," अजगर म्हणाला.

"नाही. एकच आहे."

अजगराने थोडा विचार केला. "खरे आहे," तो म्हणाला, आणि त्याने जबडा उघडला. झरा खळाळत बाहेर आला, मिरीनाच्या पायांवरून गेला आणि ओळखीच्या वाटेने मंदिराकडे निघाला. अजगर हलका झाला, आणि तिथेच झोपी गेला.

आता तिसरे काम. पहिल्या दोन कामांत दार होते, अजगर होता. तिसऱ्या कामात माणसे होती, आणि इथेच घोडे अडले.

ज्याला सम्राटाकडून काही नको, असा माणूस कुठे मिळतो? मिरीनाने राजधानी पालथी घातली. सरदाराला जहागीर हवी होती. सैनिकाला घरी जायची रजा हवी होती. भिकारी म्हणाला, "मला काही नको," आणि तेवढे बोलून हात पुढे केला. मुले म्हणाली, "आम्हाला कलिंगड हवे." मिरीनाने "मी ओतू का?" असे विचारले, तर साळुंकी म्हणाली, "तुला त्याच्याकडून रुफिन हवा आहे." तेही खरेच होते.

ती कैदखान्यात गेली. "बाबा," ती एलियोला म्हणाली, "तुम्हाला तरी सम्राटाकडून काही नको ना?"

"मला या जगातले काही नको, मुली," एलियो म्हणाला. "फक्त सम्राटाने बाप्तिस्मा घ्यावा, त्याच्यामागून साऱ्या साम्राज्याने घ्यावा, आणि चौकात एक मोठे प्रार्थनामंदिर बांधावे. बाकी काही नको."

मिरीनाने डोळे मिटून घेतले. मग ती रुफिनकडे वळली.

"तुला?"

"मी घर सोडले, तलवार सोडली, मान सोडला," रुफिन म्हणाला. "मला काय हवे असणार?"

"मग उद्या झऱ्यावर ये, आणि सम्राटाला पाणी ओत."

रुफिनचा चेहरा पडला. "देवीच्या मंदिरात मी सेवा करणार नाही."

"देवीची सेवा नको करूस! तहानलेल्या माणसाला पाणी दे. तुमच्याकडे देतात की नाही?"

"देतात," रुफिन हळू आवाजात म्हणाला.

"शत्रूला?"

"त्यालाही देतात," तो म्हणाला.

सुगीच्या सणाच्या दिवशी सकाळी सारी राजधानी झऱ्यावर लोटली. एका बाजूला कैदी उभे होते, दुसऱ्या बाजूला सिंहांचे पिंजरे गाड्यांवर आणून ठेवले होते, म्हणजे तहान भागली नाही तर उगीच वेळ जायला नको. सम्राट पालखीतून उतरला. त्याचे ओठ फाटले होते.

आता रुफिनने पेला भरायचा आणि सम्राटाने वाकायचे, एवढेच बाकी होते. पण ओब्रास रात्रभर विचार करून आला होता. "कायदा मोडता येत नाही," तो म्हणाला. "म्हणून मी खड्डा खणून घेतला आहे. कैदी खड्ड्यात उभा राहील. महाराज काठावर ताठ उभे राहतील. कैद्याचा हात महाराजांच्या मस्तकाच्या खालीच राहील."

"असे पाणी कुणी ओतते का?" मिरीना म्हणाली. "पाणी वरून खाली जाते, ओब्रास!"

पण खड्डा तयार होता, आणि दरबारात तयार केलेली गोष्ट वापरावीच लागते. रुफिन खड्ड्यात उतरला. पेला भरून त्याने हात उंच केला. सम्राट ताठ उभा राहिला, आणि ओंजळ गुडघ्यांपर्यंत खाली नेताना पार वेडावाकडा झाला. निम्मे पाणी रुफिनच्या डोळ्यांत गेले. उरलेले सम्राटाने चाटले, आणि वाळू थुंकली.

पिंजऱ्यातला एक सिंह गुरगुरला. लोक मागे सरले.

"महाराज," मिरीना म्हणाली, "तुम्हाला कायदा हवा की पाणी?"

सम्राटाने खड्ड्याकडे पाहिले, ओब्रासाकडे पाहिले, झऱ्याकडे पाहिले. मग साऱ्या प्रजेदेखत तो वाकला. मुकुट डोक्यावरून घरंगळला आणि खड्ड्यात पडला. कुणाला हसायचेही धाडस झाले नाही.

रुफिन वर आला. त्याने पेला भरला आणि सम्राटाच्या ओंजळीत पाणी ओतले. सम्राटाने ओंजळ तोंडाशी नेली.

वाळू.

आता मात्र हाहाकार उडाला. सम्राट किंचाळला, "पिंजरे उघडा!" शिपायांनी अडसरांना हात घातला. मिरीनाने साळुंकीला विचारले, "आता काय राहिले?"

"याला सम्राटाकडून काहीतरी हवे आहे," साळुंकी म्हणाली.

"मला काहीही नको," रुफिन म्हणाला.

मिरीनाने त्याच्याकडे पाहिले. तो पिंजऱ्यांकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कैदखान्यातला तोच आनंद होता. तेव्हा तिच्या लक्षात आले, आणि इतक्या दिवसांचा साठलेला संताप एकदम बाहेर आला.

"मरण!" ती ओरडली. "याला मरण हवे आहे! आणि तेही याच सम्राटाच्या हातून, याच सिंहांकडून, गावासमोर! घर सोडले म्हणतोस, तलवार सोडली म्हणतोस, आणि हे एवढे मुठीत घट्ट धरून बसला आहेस!"

"धर्मासाठी मरण मागणे हे पाप नाही," रुफिन म्हणाला.

"पाप असो की पुण्य, मागणे आहे की नाही?"

रुफिनने एलियोकडे पाहिले. म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाई बरोबर बोलते आहे, बाळा."

सिंहाच्या पिंजऱ्याचा अडसर अर्धा सरकला होता. रुफिन सम्राटाकडे वळला. सम्राट अजून वाकलेलाच होता, कारण इतक्या वर्षांनी वाकल्यामुळे त्याची पाठ धरली होती. त्याच्या तळहातांना वाळू चिकटली होती. रुफिनने वर्षानुवर्षे या माणसाच्या दाराशी पहारा दिला होता, पण त्याचे हात कधी पाहिले नव्हते. ते एका तहानलेल्या माणसाचे हात होते. रुफिनला त्याची दया आली, आणि आपण इतके दिवस स्वतःच्याच मरणाकडे पाहत होतो याची त्याला लाज वाटली.

"देवा," तो म्हणाला, "मरण तू द्यायचे तेव्हा दे. या माणसाकडून मला तेही नको."

हे त्याने कसे म्हटले ते मिरीनाने पाहिले. त्याला ते तलवार ठेवण्याहून जड गेले. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद निघून गेला, आणि खाली भेदरलेला, जगावेसे वाटणारा एक साधा माणूस उरला. मिरीनाला रडू फुटले.

रुफिनने आधी सम्राटाचे हात धुतले. मग पेला भरून ओतला.

सम्राट प्याला. पाण्याचे पाणीच राहिले. तो प्यायला, पुन्हा प्यायला, दाढी भिजली, छाती भिजली, आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत पीत राहिला. शिपायांनी न सांगता अडसर पुन्हा लावले. शाप सुटला.

इथे कथा संपायला हरकत नव्हती. पण सम्राटाच्या अंगात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर त्याला हुकूम सुचला. तो पाठ चोळत उभा राहिला आणि गरजला, "ख्रिस्ताचा देव खरा! आजपासून साऱ्या साम्राज्याने त्याचीच पूजा करावी. जो करणार नाही तो सिंहांपुढे जाईल. हे मंदिर पाडा!"

एलियोचे डोळे चमकले. ओब्रासाने तेवढ्यात छातीवर क्रूसाची खूण करून टाकली.

"थांबा, महाराज," रुफिन म्हणाला. "पाणी या झऱ्याचे आहे. मी फक्त ओतले. आणि सिंहाच्या भीतीने कुणी ख्रिस्ताचा होत नाही. होत असता, तर भीतीने आम्ही केव्हाच धूप जाळला असता."

सम्राट गोंधळला. धूप नको, हेही नको. "मग मी करू तरी काय?" तो म्हणाला.

"घरी जा," मिरीना म्हणाली.

"घरी?"

"हो, महाराज. कैद्यांना सोडा. कलिंगडे लोकांना परत द्या. तहान लागली की इथे या, वाका, कुणीतरी ओतेल, ते प्या. दुसऱ्या कुणाला तहान असेल तर त्याला ओता. देवीचे तुमच्याकडे दुसरे काही काम नाही."

"काही काम नाही," साळुंकीही न विचारता म्हणाली.

सम्राटाने थोडा वेळ वाट पाहिली, की आणखी काही निघते का. मग तो पालखीत बसून घरी गेला. साखळ्या निघाल्या, सिंह परत गेले, बाजारात कलिंगडे आली. राज्य पुन्हा मार्गाला लागले, आणि ओब्रास कलिंगडाच्या व्यापारात शिरला.

आणि मिरीना? तीन कामे तिने केली. दाराला तिने झापले, अजगराला मनातले तिने सांगितले, सम्राटाला तिने वाकवले. पण लोकांनी काय पाहिले? लोकांनी एका ख्रिस्ती माणसाचे हात पाहिले. संध्याकाळपर्यंत निम्मी राजधानी एलियोच्या मागे नदीवर बाप्तिस्मा घ्यायला गेली. हुकूम नाही, सिंह नाही, आपल्या मनाने गेली. म्हणजे कुणावर चिडायचीही सोय राहिली नाही. रोज पहाटे मिरीनाला पाणी ओतणारी म्हातारी निसाही निघाली. जाताना तिने मिरीनाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "रागावू नकोस, पोरी. मला तिकडे बरे वाटते."

मिरीना रिकाम्या पायरीवर बसली. समोर झरा वाहत होता, हातात पेला होता, आणि त्या धावपळीत सकाळपासून तिच्या घशाखाली थेंब गेला नव्हता. ओतणारे कुणी नव्हते. "मला फार एकटे वाटते आहे," ती साळुंकीला म्हणाली. साळुंकीने तिच्याकडे पाहिले, पण हा प्रश्न नव्हता, म्हणून ती काही बोलली नाही.

तेवढ्यात रुफिन आला. नदीवर लोक त्याला हाका मारत होते, पण तो आला. त्याने तिच्या कोरड्या ओठांकडे पाहिले, तिच्या हातून पेला घेतला आणि झऱ्यात बुडवला.

"वाक," तो म्हणाला.

"यामुळे आमच्याकडे काय होते ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मी बाप्तिस्मा घेणार नाही, रुफिन. आज नाही, उद्याही नाही."

"तुला तहान लागली आहे, मिरीना."

ती त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. प्रकाशाबद्दल काहीतरी येईल, प्रार्थनेबद्दल येईल. काहीच आले नाही. रुफिन भरलेला पेला धरून नुसता उभा राहिला, आणि त्याने ख्रिस्ताचे नाव काढले नाही. ते न काढणे त्याला किती जड जात होते, हे तिच्याइतके कुणाला कळणार?

ती वाकली आणि प्याली. पोटभर प्याली. मग तोंड पुसून तिने पेला त्याच्याकडून घेतला आणि भरला.

"आता तू," ती म्हणाली.

रुफिनने डोळे मिटले. त्याचे ओठ हलू लागले. तो आपल्या देवाशी काहीतरी बोलत होता, आणि ते बोलणे बरेच लांबले. मिरीना पेला धरून उभी राहिली. हात दुखायला लागला, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. एरवी ती केव्हाच ओरडली असती.

"झाले का?" तिने शेवटी विचारले.

"झाले."

"काय म्हणाला?"

"अजून काही म्हणाला नाही," रुफिन म्हणाला. आणि तो वाकला.

ज्यांना तहान आहे त्यांना पाणी मिळो, ज्यांच्या हाती पेला आहे त्यांना फार प्रश्न न सुचोत, आणि हे सगळे मुकाट्याने ऐकून घेतलेत म्हणून तुमचेही भले होवो.